वर्डमधला चार्ट : खांब मुळापासून मोजावा



घरात संगणक आला की आधी पत्र लिहिले जाते, मग अर्ज आणि मग मुलांची प्रकल्पवही. प्रकल्पवहीपाशी आले की चार्ट लागतोच. जमातीचा वार्षिक अहवाल असो, महिला बचतगटाचा हिशेब असो की ग्रामपंचायतीला द्यायचे निवेदन असो, आकड्यांची नुसती रांग कोणी नीट वाचत नाही. तेच आकडे खांबांच्या रूपात उभे केले की नजर थांबते. म्हणूनच चार्ट करताना हात जपून चालवावा लागतो. आकड्यात काही खटकले तर वाचणारा विचारतो तरी. खांब पाहिल्यावर तो विचारत नाही, डोळ्यांवर विश्वास ठेवून मोकळा होतो.

या महिन्यात आपण वर्डमधला चार्ट कसा करायचा, कसा दुरुस्त करायचा आणि दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्यात काय तपासायचे ते पाहू.

उदाहरणासाठी दूर जायला नको. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी कर्जत आणि खालापूर हे शेजारचे दोन तालुके आहेत. एकीकडे उल्हास नदी, दुसरीकडे पाताळगंगा. एकीकडे नेरळ आणि माथेरान, दुसरीकडे खोपोली आणि रसायनी. २०११ च्या जनगणनेत कर्जत तालुक्याची लोकसंख्या २,१२,०५१ भरली आणि खालापूरची २,०७,४६४. फरक ४,५८७ माणसांचा, म्हणजे शेकडा दोनच्या आसपास. दोन्ही तालुके जवळजवळ बरोबरीचे आहेत. ही बरोबरी कागदावर बरोबरीसारखीच दिसते का, एवढेच आपल्याला बघायचे आहे.

चार्ट उभा करणे

वर्ड उघडून वरच्या पट्टीतल्या 'इन्सर्ट'वर क्लिक करा आणि 'चार्ट' निवडा. डावीकडे चार्टच्या प्रकारांची यादी येते. त्यातला 'कॉलम' म्हणजे शाळेच्या पुस्तकातला स्तंभालेख. 'ओके' केले की पानावर एक तयार चार्ट उमटतो आणि सोबत एक्सेलसारखा छोटा तक्ता उघडतो. त्यात नमुन्यादाखल चार गट आणि तीन मालिका आधीच भरलेल्या असतात. आपल्याला दोनच तालुके आणि एकच मालिका हवी आहे. पहिल्या उभ्या रांगेत तालुक्यांची नावे लिहा, दुसरीत आकडे. उरलेला नमुना पुसून टाका आणि आकड्यांभोवतीच्या निळ्या चौकटीचा कोपरा ओढून ती आपल्या आकड्यांपुरती आणा. नमुना पुसला पण चौकट तशीच ठेवली, तर चार्टमध्ये विनाकारण रिकाम्या जागा राहतात.

आकड्याच्या खणात फक्त आकडा लिहावा, तोही इंग्रजी अंकांत. '१२०० रु.' किंवा '४० मुली' असे लिहिले की तो खण आकडा न राहता मजकूर होतो आणि त्याचा खांब शून्य उंचीचा होतो. खांब गायब झाला म्हणून घाबरून सगळे पुन्हा करायला बसू नये. आधी त्या खणात अक्षर शिरले आहे का ते पाहावे. रुपये, मुली, लिटर हे एकक शीर्षकात लिहावे.

चार दिवसांनी आकडा बदलला तर नवा चार्ट करायची गरज नाही. चार्टवर उजवे क्लिक करून 'एडिट डेटा' म्हटले की तोच तक्ता पुन्हा उघडतो. आकडा बदला, खांब आपोआप बदलतो. चार्टवर एकदा क्लिक केले की उजवीकडे लहान बटणे दिसतात. अधिकच्या चिन्हाने शीर्षक, आकड्यांची लेबले, रेघा आणता किंवा काढता येतात. ब्रशने रंगरूप बदलते. गाळणीच्या चिन्हाने एखादा गट तात्पुरता झाकता येतो.

कापलेला खांब

आता तयार झालेल्या चार्टकडे नीट पाहा. उभ्या अक्षावर सगळ्यांत खाली कोणता आकडा आहे? तिथे शून्य असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते नसते. सगळ्यांत लहान आकडा सगळ्यांत मोठ्या आकड्याच्या पाच षष्ठांशाहून अधिक असला, की हा अक्ष शून्य सोडून मधूनच सुरू होतो. आपल्या दोन तालुक्यांच्या बाबतीत तो दोन लाखांच्याही वर, बहुधा २,०५,००० च्या आसपास सुरू होतो.

याचा परिणाम काय होतो तो मोजून पाहू. २,०५,००० च्या खालचा सगळा भाग कापला गेला. कर्जतच्या खांबात उरले ७,०५१ आणि खालापूरच्या खांबात उरले २,४६४. कर्जतचा खांब दहा सेंटिमीटरचा असेल तर खालापूरचा साडेतीन सेंटिमीटरचा दिसतो. पाहणारा म्हणेल, कर्जत खालापूरच्या जवळजवळ तिप्पट आहे. खऱ्या मापाने मात्र कर्जतचा खांब दहा सेंटिमीटर असेल तर खालापूरचा ९.८ सेंटिमीटर हवा. फरक दोन मिलिमीटरचा.

इथे कोणी लबाडी केलेली नाही. आकडे जनगणनेतले आहेत, टंकताना चूक नाही, मुलाने किंवा मुलीने काही लपवलेले नाही. तरीही कागदाने खोटी साक्ष दिली. 'मापात पाप' म्हणतात ते असे नकळतही घडते. तराजूचा काटा दुकानदाराने वाकवला नाही, तो वाकडाच आला. पण सौदा तोलण्याआधी काटा पाहण्याची जबाबदारी तोलणाऱ्याचीच असते.

दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची आहे. उभ्या अक्षावरच्या कोणत्याही आकड्यावर दोनदा क्लिक करा. उजवीकडे 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस' नावाची पट्टी उघडते. 'अ‍ॅक्सिस ऑप्शन्स'मध्ये 'बाउंड्स'च्या खाली 'मिनिमम' असा रकाना आहे. त्यात शून्य लिहून एंटर करा. दोन्ही खांब खांद्याला खांदा लावून उभे राहतील. हा चार्ट कदाचित कमी आकर्षक वाटेल. पण दोन बरोबरीच्या तालुक्यांची गोष्ट सांगायची तर ती अशीच दिसायला हवी. फरक सांगणे महत्त्वाचे असेल तर खांबाच्या डोक्यावर आकडा लिहा; त्यासाठी अधिकच्या चिन्हातले 'डेटा लेबल्स' आहे.

प्रकल्पवहीत अशी चूक झाली तर एखादा गुण जाईल. अर्जात झाली तर नुकसान मोठे आहे. समजा, एखाद्या वाडीतल्या मुलींना शाळेत जायला सकाळची एसटी हवी आहे आणि त्यासाठी गावाने निवेदन तयार केले. मागणी खरी, आकडे खरे, पण चार्टमध्ये खांब कापलेला. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने अक्षावरचा आकडा वाचला, तर तो एवढेच म्हणेल की यांनी फुगवून दाखवले आहे. मग खाली लिहिलेल्या खऱ्या ओळींवरचाही त्याचा विश्वास उडतो. एका खांबापायी मुलींची एसटी राहून जाते.

शून्य कुठे हवे, कुठे नको

स्तंभालेखाची रीत जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली लंडनमध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात स्कॉटलंडचा आयात-निर्यात व्यापार खांबांनी दाखवला. त्याच्याजवळ अनेक वर्षांचे आकडे नव्हते, एकाच वर्षाचे होते, म्हणून रेषेऐवजी त्याने खांब घेतले. खांबात डोळा लांबी मोजतो. लांबी मोजायची तर टोकाइतकेच मूळही दिसले पाहिजे. म्हणून खांबाला शून्य हवेच.

रेषालेखाचे तसे नाही. तापाने फणफणलेल्या मुलाचा ताप अम्मी दर चार तासांनी कागदावर लिहून ठेवते. ते आकडे ९८ पासून १०४ पर्यंत चढतात-उतरतात. हा चार्ट शून्यापासून काढला तर रेषा जवळजवळ सपाट दिसेल आणि डॉक्टरांना ताप कळणारच नाही. रेषेत डोळा चढउतार पाहतो, उंची नाही. तिथे अक्ष ९६ पासून सुरू केला तर ते गैर नाही. तेच योग्य आहे. मात्र अक्षावरचे आकडे स्पष्ट छापलेले हवेत.

गोल वृत्तालेखाचा मोह सगळ्यांना असतो. तोही प्लेफेअरनेच १८०१ मध्ये आणला. रायगड जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि २०११ ची एकूण लोकसंख्या २६,३४,२०० आहे. या पंधरांचा वृत्तालेख करून पाहा. एकट्या पनवेलची ७,५०,२३६ माणसे चौथ्या हिश्श्याहून अधिक वर्तुळ व्यापतात. उरलेल्या चौदा फोडींत कर्जत आणि खालापूर शोधत बसावे लागते, आणि सापडले तरी त्यांच्या कोनांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे. तो कोणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या संशोधकांनी १९८४ साली प्रयोगांवरून दाखवले, की माणसाचा डोळा लांबी जितकी नीट जोखतो तितका कोन जोखत नाही. म्हणून वृत्तालेख तीन-चार भागांपुरता ठेवावा. पंधरा तालुक्यांसाठी आडवे खांब घ्यावेत. वर्डमध्ये त्याला 'बार' म्हणतात. मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने लावले आणि नावे डावीकडे सरळ ठेवली, की मान वाकडी न करता वाचता येते.

'थ्री-डी' नावाचे प्रकार यादीत दिसतात. ते घेऊ नयेत. खांबाला जाडी आली की त्याचे टोक कोणत्या रेघेला टेकले ते कळत नाही, आणि तिरप्या वृत्तालेखात पुढची फोड उगाच मोठी वाटते.

रंग, अक्षरे आणि कागद

पडद्यावर निळा, हिरवा, नारिंगी छान दिसतात. पण नेरळच्या किंवा खोपोलीच्या झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर येताना तिन्ही रंग एकसारखे करडे होतात आणि कोपऱ्यातली रंगांची यादी निरुपयोगी ठरते. म्हणून एकच मालिका असेल तर एकच गडद रंग वापरावा आणि ती यादी, म्हणजे 'लेजंड', काढून टाकावी. दोन मालिका असतील तर एक भरीव ठेवावी आणि दुसरीला रेघारेघांची नक्षी द्यावी. खांबावर दोनदा क्लिक करून 'फिल'मध्ये 'पॅटर्न फिल' निवडले की अशा नक्ष्या मिळतात. आधी एक प्रत काळ्या-पांढऱ्यात काढून पाहावी आणि मगच पन्नास काढाव्यात.

मराठी अक्षरांसाठी युनिकोड फाँटच वापरावा. विंडोजमध्ये 'निर्मला यूआय' तयारच असतो. कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला चार्ट दुसऱ्या संगणकावर उघडला आणि तिथे तो फाँट नसला, तर 'खालापूर'च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. अक्षराचा आकार बाकीच्या मजकुरापेक्षा फार लहान नसावा. घरातल्या थोरांना चष्मा लावूनही वाचता आले नाही, तर चार्टचा उपयोग काय?

आणखी एक अडचण स्वल्पविरामाची. वर्ड बऱ्याचदा २,१२,०५१ ऐवजी २१२,०५१ असे लिहितो, कारण तो लाखांच्या नव्हे तर हजार-दशलक्षाच्या रिवाजाने चालतो. विंडोजच्या 'रीजन' सेटिंगमध्ये भारतीय पद्धत निवडली की स्वल्पविराम आपल्या जागी येतात. नाहीतर 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस'मध्ये 'डिस्प्ले युनिट्स' आहे. तिथे एक लाख निवडावे आणि शीर्षकात 'लोकसंख्या (लाखांत)' असे लिहावे.

चार्टखाली दोन गोष्टी हव्यातच : आकडे कुठले आणि कोणत्या वर्षाचे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे अजूनही जागोजागी २०११ चे आकडे वापरले जातात. तसे वापरण्यात काही गैर नाही. पण 'जनगणना २०११' असे लिहिले नाही तर वाचणारा ते आजचे समजेल. चार्टवर उजवे क्लिक करून 'इन्सर्ट कॅप्शन' घेतले की खाली क्रमांकासह ओळ लिहिता येते. चार्ट पानभर भटकत असेल, मजकूर टंकताना खाली-वर सरकत असेल, तर 'लेआउट ऑप्शन्स'मध्ये 'इन लाइन विथ टेक्स्ट' निवडावे. मग तो आपल्या परिच्छेदाला धरून राहतो.

चार्टच्या पोटात काय आहे?

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. वर्डमधला चार्ट हे नुसते चित्र नसते. त्याच्या पोटात तो आकड्यांचा तक्ता असतो. फाइल ज्याच्याकडे जाईल तो 'एडिट डेटा' करून तक्ता उघडू शकतो. चार्ट एक्सेलमधून आणून चिकटवताना 'एम्बेड वर्कबुक' हा पर्याय निवडला असेल, तर केवळ त्या चार्टचे आकडे नाही, ती अख्खी वही, तिच्यातल्या सगळ्या पानांसह, वर्डच्या फाइलमध्ये बसते.

रमजाननंतर जमातीचा अहवाल तयार होतो. शिक्षणासाठी किती, औषधोपचारासाठी किती, धान्यासाठी किती, असा तीन खांबांचा साधा चार्ट. तो ज्या एक्सेलच्या वहीतून आला, तिच्या दुसऱ्या पानावर मदत घेणाऱ्यांची नावे, घरचे पत्ते, फोन नंबर आणि रकमा असतात. ही फाइल व्हॉट्सॲपच्या गटावर गेली, की गावातल्या कोणालाही दोन क्लिकमध्ये कळू शकते की कोणत्या विधवा बहिणीच्या घरी धान्य गेले आणि कोणाच्या मुलीची फी कोणी भरली. देणाऱ्याने झाकून दिले, घेणारीने डोळे खाली घालून घेतले, आणि चार्टने ते चव्हाट्यावर आणले. ती नावे आपल्याकडे अमानत आहेत. अमानतीला कुलूप लावायचे तर आधी ती कुठे ठेवली गेली आहे ते माहीत हवे.

उपाय सोपा आहे. एक्सेलमधला चार्ट वर्डमध्ये चिकटवताना पेस्टच्या पर्यायांत शेवटचा 'पिक्चर' निवडा. मग आत फक्त चित्र जाते, तक्ता जात नाही. दुरुस्ती करता येणारी मूळ फाइल खजिनदाराकडे ठेवा आणि बाहेर पाठवायची प्रत पीडीएफ करून पाठवा. 'लिंक डेटा' हा पर्याय घेतला तर वही आपल्या संगणकावरच राहते, पण ती फाइल हलवली की दुवा तुटतो. शिवाय चार्टमध्ये दिसणारे आकडे आणि नावे तर सोबत जातातच. सगळ्यांत बरे म्हणजे चार्टसाठी वेगळी वही करावी आणि तिच्यात फक्त बेरजा लिहाव्यात. नावे त्या वहीत कधी आलीच नाहीत, तर बाहेर जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

एवढे करूनही एक जागा उरते. मोठ्या शहरात 'शस्त्रक्रियेसाठी मदत : १' असा खांब कोणाचे नाव सांगत नाही. चाळीस घरांच्या वाडीत तोच खांब नाव घेऊन बोलतो, कारण यंदा कोणाची शस्त्रक्रिया झाली हे सगळ्यांना माहीत असते. असे एक-दोनचे खांब वेगळे न दाखवता 'आरोग्य' किंवा 'इतर कौटुंबिक मदत' अशा मोठ्या गटात मिसळावेत. हिशेब तसाच पुरा राहतो, बेरीज जुळते, आणि कोणाची मान खाली जात नाही.

घरात वर्ड नसेल तर लिब्रेऑफिसचा रायटर मोफत मिळतो. तिथेही 'इन्सर्ट'मध्ये 'चार्ट' आहे. चार्टवर दोनदा क्लिक करून मग उजव्या क्लिकने 'डेटा टेबल' उघडायचा. गूगल डॉक्समधला चार्ट गूगल शीट्सच्या तक्त्याला जोडलेला असतो. तक्ता बदलला की चार्टवर 'अपडेट'चे बटण येते. तिथे ते शीट कोणाकोणाला खुले केले आहे ते आधी पाहावे. साधन कोणतेही असो, अक्षाचा तळ आणि चार्टचे पोट या दोन जागा तपासायच्याच.

फाइल पाठवण्याआधी पाच मिनिटे काढा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी चार्ट दाखवा. आकडे हाताने झाका, फक्त खांब दिसू द्या आणि विचारा, 'यात तुला काय दिसते?' मग हात काढून आकडे वाचा. दोन्ही उत्तरे जुळली तर चार्ट खरा. जुळली नाहीत तर पुन्हा 'फॉरमॅट अ‍ॅक्सिस'कडे जा. शाळकरी मुलांना तर ही तपासणी खेळासारखी आवडते. पुढे त्यांनी वर्तमानपत्रातले आणि मोबाइलवरचे चार्ट पाहताना आधी खालचा आकडा वाचायला सुरुवात केली, तर शिकवणी वसूल झाली असे समजा.

पुढच्या महिन्यात वर्डमध्ये लांब तक्त्याचे शीर्षक प्रत्येक पानावर कसे आणायचे ते पाहू, इन्शाअल्लाह.